वाळूसर जमिनीचा ताळेबंद
भूसुधारकांचा खर्च, पिकाचे उत्पन्न आणि कर्जाची परतफेड

– अधिकारी, के. आर. पुरम शाखा, बंगळूर

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला अगदी आरंभीच भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतील भेद शिकविला जातो. ज्या खर्चाचे फळ अनेक वर्षे मिळते तो भांडवली, आणि ज्याचे फळ त्याच वर्षात संपते तो महसुली. हा भेद मी पाठ केला, परीक्षेत लिहिला आणि नोकरीतही वापरला. परंतु शेतजमिनीच्या संदर्भात त्याचा अर्थ मला फार उशिरा उमगला, आणि तोही एका चुकीची किंमत दुसऱ्याने मोजल्यानंतर.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका दुसऱ्या शाखेत होतो. तेथील एका शेतकऱ्याने आपल्या वाळूसर जमिनीसाठी 'माती सुधारणारी पावडर' घेण्याकरिता पीककर्जाची मर्यादा वाढवून मागितली. सोबत विक्रेत्याचे रंगीत माहितीपत्रक होते. त्यात उत्पन्न दुप्पट होण्याचे आश्वासन होते आणि हिरव्यागार पिकाची छायाचित्रे होती. कागदपत्रे नियमानुसार होती, म्हणून मी शिफारस केली. त्या पावडरीने नुकसान केले नाही, पण उपयोगही केला नाही. हंगाम नेहमीसारखाच गेला, कर्ज मात्र नेहमीपेक्षा मोठे होते. त्या गृहस्थांनी मुदतीत परतफेड केली, पण घरातील दागिने मोडून. खाते नियमित राहिले, अहवालात कोठेही दोष दिसला नाही. तरीही त्या प्रस्तावावरील माझी सही आठवली की आजही अस्वस्थ वाटते.

के. आर. पुरमला बदली झाल्यावर तोच प्रसंग पुन्हा समोर उभा राहिला. या वेळी मात्र सही करण्यापूर्वी मी मातीचे थोडे गणित शिकून घेतले. तेच येथे वाचकांसमोर ठेवीत आहे.

कृष्णराजपुरमची तांबडी माती

आजचे के. आर. पुरम म्हणजे रेल्वेस्थानक, मेट्रो, जुन्या मद्रास रस्त्यावरील वाहतूक आणि व्हाइटफील्डकडे जाणारी नोकरदार मंडळी, असेच चित्र डोळ्यांसमोर येते. परंतु याच रस्त्याने होसकोटे आणि पुढे कोलारकडे निघाले की नाचणी, भाजीपाला आणि तुतीची शेते दिसू लागतात. आमच्या शाखेत अद्याप असे शेतकरी ग्राहक येतात. शहाजीराजांच्या जहागिरीतील हा मुलूख. येथील काही जुनी मराठी कुटुंबे आजही घरात वेगळ्या वळणाचे मराठी बोलतात.

अशाच एका कुटुंबातील साठीचे एक गृहस्थ एके दिवशी माझ्यासमोर बसले. होसकोट्याच्या बाजूला त्यांची दोन एकर जमीन आहे. "साहेब, आमची माती म्हणजे चाळण. पाऊस पडतो, पाणी खाली जाते. खत टाकतो, तेही खाली जाते. हे औषध टाकले की माती धरून ठेवते म्हणतात," असे म्हणून त्यांनी एक माहितीपत्रक पुढे केले. छायाचित्रे वेगळी होती, आश्वासन तेच होते. मी म्हटले, "काका, आठ दिवस द्या मला."

या भागातील तांबडी माती बहुधा ग्रॅनाइट आणि नाइस जातीच्या खडकांपासून बनलेली आहे. तिच्या वरच्या थरात वाळूचे प्रमाण अधिक असते. शतकानुशतकांच्या पावसाने चिकण मातीचे बारीक कण खालच्या थरात झिरपून गेलेले असतात. परिणामी वर वाळूसर आणि खाली चिकट अशी या जमिनीची रचना झाली आहे. जोराच्या सरीनंतर ऊन पडले की पृष्ठभागावर कडक पापुद्रा धरतो आणि नाचणीसारखे बारीक बी उगवून वर येण्यास अडखळते.

गळती कोठे होते?

मातीच्या कणांची वर्गवारी त्यांच्या आकारावरून करतात. ०.०५ ते २ मिलिमीटर व्यासाचे कण म्हणजे वाळू, ०.००२ ते ०.०५ मिलिमीटरचे पोयटा आणि त्याहून सूक्ष्म ते चिकण माती. वाळूच्या कणांमधील पोकळ्या मोठ्या असतात, त्यामुळे पाणी थांबत नाही. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शनानुसार एक मीटर खोल वाळूसर मातीत पिकाला उपलब्ध होईल असे पाणी २५ ते १०० मिलिमीटर साठते, मध्यम पोताच्या मातीत १०० ते १७५ आणि चिकण मातीत १७५ ते २५० मिलिमीटर.

याचे व्यवहारी रूप पाहू. पिकाची मुळे ३० सेंटिमीटर खोल गेली आहेत आणि पीक दररोज ५ मिलिमीटर पाणी वापरते असे धरू. मीटरला ६० मिलिमीटर पाणी धरणाऱ्या वाळूसर मातीत मुळांच्या आवाक्यात १८ मिलिमीटर पाणी असेल. ते जेमतेम साडेतीन दिवस पुरेल. मीटरला १४० मिलिमीटर धरणाऱ्या मातीत ४२ मिलिमीटर पाणी असेल आणि ते आठ दिवसांहून थोडे अधिक पुरेल. पावसाने एक आठवडा ओढ दिली, तर एका शेतातील पीक माना टाकते आणि दुसऱ्यातील तगते. कोरडवाहू शेतीत संपूर्ण हंगामाचा निकाल पुष्कळदा या चार-पाच दिवसांच्या फरकावर लागतो.

दुसरी गळती अन्नद्रव्यांची. चिकण माती आणि ह्यूमस यांच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. पोटॅश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अमोनियम यांसारखे धनभारित घटक त्यांना चिकटून राहतात आणि मुळांना मागणीप्रमाणे मिळतात. या धारणशक्तीला धनायन विनिमय क्षमता म्हणतात. काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट या खनिजाची ही क्षमता दर किलोस सुमारे ८० ते १५० सेंटिमोल असते. तांबड्या मातीतील केओलिनाइटची अवघी ३ ते १५, तर ह्यूमसची १५० ते ३००. वाळूची जवळजवळ शून्य. म्हणजे आमच्या शेतकऱ्यांच्या जमिनीत चिकण माती कमी, आणि जी आहे तीही कमी धारणशक्तीची. अशा खात्यात रक्कम भरली तरी ती मुक्कामाला राहत नाही. युरियातून तयार होणारा नायट्रेट तर ऋणभारित असल्याने कोणत्याच कणाला चिकटत नाही आणि पाण्याबरोबर सरळ खाली उतरतो. म्हणूनच वाळूसर जमिनीत युरियाची मात्रा एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत द्यावी, असे कृषितज्ज्ञ सांगतात.

भूसुधारक कशाला म्हणावे?

खत पिकाला अन्न पुरविते, तर भूसुधारक मातीचा स्वभाव बदलतो. पाणी धरणे, हवा खेळती ठेवणे, कणांची ढेकळी रचना टिकविणे, आम्लता किंवा क्षारता सुधारणे ही भूसुधारकाची कामे होत. शेणखतासारखे काही पदार्थ दोन्ही भूमिका बजावतात.

बाजारी भूसुधारकांचा इतिहास फार जुना नाही. १९५१ साली अमेरिकेत 'क्रिलियम' नावाचे कृत्रिम बहुवारिक मोठा गाजावाजा होऊन पुढे आले. मातीचे कण एकत्र बांधण्याचा त्याचा गुण खरा होता, परंतु शेतावर वापरण्याच्या दृष्टीने ते महाग पडले आणि सामान्य शेतीत रुजले नाही. त्यातून मिळणारा धडा आजही लागू आहे. एखादा पदार्थ प्रयोगशाळेत उपयोगी ठरणे आणि शेतकऱ्याच्या जमाखर्चात उपयोगी ठरणे या दोन निराळ्या कसोट्या आहेत, आणि दोन्हींत उतरल्याशिवाय कर्ज काढणे शहाणपणाचे नाही.

या कसोटीसाठी एकच आकडा लक्षात ठेवावा. एक एकर क्षेत्रातील वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन साधारणपणे ९०० टन, म्हणजे ९ लाख किलो भरते. आता ५० किलोची एक पिशवी त्यात मिसळली, तर एक लाख किलो मातीमागे साडेपाच किलो पदार्थ पडला. चार पिशव्या टाकल्या तरी बावीस किलो. एवढ्याशा भुकटीने ९ लाख किलो मातीचा पोत बदलेल काय? मूठभर पिठाने नदी घट्ट होत नाही. काकांच्या माहितीपत्रकातील पदार्थ चिकण मातीच्या दाण्यांचाच होता. तो खोटा नव्हता, त्याची सांगितलेली मात्रा मात्र हास्यास्पद होती.

तळ्याचा गाळ : आपलीच ठेव परत

मग पुरेशी चिकण माती आणावी कोठून? याचे उत्तर या प्रदेशाच्या पूर्वजांना ठाऊक होते. बंगळूर आणि कोलारच्या परिसरात उतारावर एकाखाली एक अशी तळ्यांची साखळी बांधलेली आहे. कन्नडमध्ये तळ्याला 'केरे' म्हणतात. पावसाळ्यात शेतांवरून वाहणारे पाणी आपल्यासोबत मातीतील सर्वांत बारीक आणि सकस कण घेऊन तळ्यात उतरते. जड वाळू वाटेतच खाली बसते, चिकण माती आणि सेंद्रिय अंश तळ्याच्या पोटात साचतो. उन्हाळ्यात तळे आटले की हा गाळ बैलगाड्यांनी पुन्हा शेतावर नेण्याची रीत होती. शेतातून वाहून गेलेली ठेव परत मिळविण्याचाच हा व्यवहार. पुढे रासायनिक खते सुलभ झाली, बैलगाड्या गेल्या, तळ्यांकडे दुर्लक्ष झाले आणि ही रीत मागे पडली. कर्नाटकात २००२ साली जागतिक बँकेच्या साह्याने सुरू झालेल्या समुदायाधारित तलाव व्यवस्थापन प्रकल्पाने तळ्यांच्या पुनरुज्जीवनाला चालना दिली. महाराष्ट्रातील वाचकांना २०१७ मध्ये सुरू झालेली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना परिचयाची असेल. तिचे सूत्रही हेच आहे. धरणाची साठवण वाढते आणि शेताचा कसही वाढतो.

येथे पुन्हा गणित मांडू. शेतातील मातीत ८ टक्के चिकण माती आहे आणि तळ्याच्या गाळात ४० टक्के, असे समजू. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ३ टन गाळ बसतो असे धरल्यास २० खेपांत ६० टन गाळ एकरावर पडेल. मूळच्या ९०० टनांत चिकण माती ७२ टन होती, गाळातून २४ टन आली. एकूण ९६० टनांत ९६ टन, म्हणजे १० टक्के. प्रमाण ८ वरून १० वर गेले. वाढ दोन टक्क्यांचीच दिसते, पण मूळच्या तुलनेत ती चौथा हिस्सा आहे आणि ती जळून किंवा विरून जात नाही. बांधबंदिस्ती नीट असेल तर चिकण माती शेतातच राहते. हा खरा भांडवली खर्च.

दक्षिण ऑस्ट्रेलियातही वाळूसर जमिनीत चिकण माती पसरण्याची पद्धत १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून शेतकऱ्यांनी रुजविली. तेथे हेक्टरी शंभर टनांहून अधिक चिकण माती घालतात. तेथील वाळू पाणी शोषूनच घेत नाही, उलट झिडकारते, हा प्रश्न वेगळा. परंतु पोत बदलावयाचा तर माप टनांचे लागते, हा अनुभव सारखाच आहे.

गाळ वापरताना तीन पथ्ये पाळावीत. पहिले, तळे सार्वजनिक मालमत्ता असल्याने ग्रामपंचायत किंवा संबंधित खात्याची परवानगी घ्यावी. दुसरे, गाळ उन्हात वाळवून, ढेकळे फोडून सारखा पसरावा आणि मातीत मिसळावा. ढीग तसेच सोडल्यास शेतात ठिकठिकाणी चिखलाचे पट्टे तयार होतात. तिसरे पथ्य शहराजवळच्या शेतकऱ्यांसाठी अत्यंत महत्त्वाचे आहे. बंगळूरच्या अनेक तळ्यांत सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी मिसळत आले आहे. प्रदूषणामुळे बेळंदूर तलावावर २०१७ साली लागलेली आग देशभर गाजली होती. अशा तळ्यांच्या गाळात शिसे, कॅडमियम, निकेल यांसारखे जड धातू असू शकतात. ते एकदा शेतात आले की काढता येत नाहीत आणि भाजीपाल्यातून थेट ताटात पोहोचतात. म्हणून शहरी तळ्याचा गाळ प्रयोगशाळेत तपासल्याखेरीज शेतात टाकू नये. ग्रामीण, पावसाच्या पाण्यावर भरणारे तळे सर्वांत विश्वासाचे.

सेंद्रिय पदार्थ : दरवर्षी भरावयाचा हप्ता

चिकण मातीची जोड मिळाली तरी सेंद्रिय पदार्थांवाचून तिचे काम अपुरे राहते. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाच्या गांधी कृषी विज्ञान केंद्र परिसरात कोरडवाहू नाचणीवर १९७८ पासून चालविलेले दीर्घकालीन प्रयोग या दृष्टीने मार्गदर्शक आहेत. केवळ रासायनिक खतांवर पीक घेतलेल्या वाफ्यांपेक्षा हेक्टरी १० टन शेणखत आणि शिफारशीत रासायनिक खते एकत्र दिलेल्या वाफ्यांतील उत्पन्न वर्षानुवर्षे अधिक आणि अधिक स्थिर राहिले. 'स्थिर' हा शब्द बँकेच्या दृष्टीने मोलाचा आहे. एखाद्या वर्षी विक्रमी पीक आणि पुढच्या वर्षी नापिकी, यापेक्षा दरवर्षी बेताचे पण खात्रीचे पीक कर्जफेडीला अधिक पोषक असते.

मात्र या खर्चाचे स्वरूप निराळे आहे. मातीतील सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याहून कमी असल्यास तो 'कमी' गणला जातो. एका एकरात तो केवळ ०.१ टक्क्याने वाढवावयाचा तर ९०० टन मातीत ९०० किलो कर्ब टिकून राहावा लागतो. चार टन ओलसर शेणखतात निम्मे पाणी धरले, तर उरलेल्या कोरड्या भागातून सहाशे-सातशे किलो कर्ब मिळतो, आणि उष्ण हवामानात त्याचा मोठा भाग वर्षभरातच जीवाणू खाऊन टाकतात. थोडक्यात, एका वर्षात जमीन बदलत नाही. हा आवर्ती ठेवीचा हप्ता आहे. तो चुकवू नये आणि पहिल्याच वर्षी मुदतपूर्तीची अपेक्षाही ठेवू नये. चिकण मातीचे कण ह्यूमसला कवटाळून त्याचे विघटन मंदावतात. म्हणून गाळ आणि शेणखत ही जोडी एकेकट्यापेक्षा अधिक फलदायी ठरते.

शेणखत पुरेसे मिळत नाही, ही सर्वत्र ऐकू येणारी तक्रार खरी आहे. त्याला पर्याय आहेत. ताग किंवा धैंचा पेरून पंचेचाळीस ते पन्नास दिवसांनी, फुलोऱ्याच्या सुमारास जमिनीत गाडावा. बांधावर गिरिपुष्प किंवा करंज लावावा. करंजाला येथे 'होंगे' म्हणतात आणि त्याचा पाला शेतात घालण्याची जुनी पद्धत आहे. शहरी कचऱ्यापासून बनविलेले कंपोस्ट हाही एक मार्ग आहे. त्यासाठी बंगळुरात १९७५ साली कर्नाटक कंपोस्ट विकास महामंडळ स्थापन झाले. शहरी कंपोस्ट घेताना ते खत नियंत्रण आदेशाच्या निकषांत बसते याची खात्री करावी. त्या निकषांनुसार दर किलोमागे शिसे १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम यांपेक्षा अधिक असता कामा नये.

नारळाच्या काथ्याचा भुसा पाणी उत्तम धरतो, पण तो कच्चा टाकू नये. कच्च्या भुशात कर्ब आणि नत्र यांचे गुणोत्तर शंभरास एकाहूनही अधिक असते. तो कुजविण्यासाठी जीवाणू मातीतील नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. कुजवून हे गुणोत्तर वीस-पंचविसास एक इतके खाली आल्यावरच तो वापरावा. लाकडी कोळशाचा चुरा, ज्याला बायोचार म्हणतात, दीर्घकाळ टिकतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील प्राचीन काळ्या मातीत अशा कोळशाचे अंश आजही सापडतात. परंतु त्यात अन्नद्रव्ये थोडी असल्याने तो शेणखतात मुरवूनच घालावा.

पाणी धरणारे जेल : उपयोग आणि मर्यादा

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेले 'पुसा हायड्रोजेल' आणि त्या प्रकारची इतर उत्पादने आता परिचित झाली आहेत. हे जेल आपल्या वजनाच्या साडेतीनशे ते चारशे पट पाणी शोषू शकते आणि एकरी १ ते २ किलो मात्रेत वापरले जाते. हे आकडे ऐकून मन हरखते. आता गणित पाहा. दोन किलो जेलने चारशे पट पाणी धरले तर ८०० लिटर होतात. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ४,०४७ लिटर पाणी येते. म्हणजे एका वेळी जेलमध्ये साठणारे पाणी एक मिलिमीटर पावसाच्या पाचव्या हिश्शाइतकेच.

तर मग ते निरुपयोगी आहे काय? तसे नाही. शेतभर फेकण्याऐवजी पेरणीच्या ओळीत बियाण्याजवळ किंवा रोपाच्या मुळांशी दिल्यास कोवळ्या रोपाला कसोटीच्या दिवसांत तेवढा ओलावा आधार देतो. प्रत्येक पावसानंतर जेल पुन्हा भरते. रोपवाटिका, फळझाडांची लागवड, महागडी भाजीपाला पिके यांत त्याचा विचार करावा. पाणी खारट असेल तर त्याची शोषणशक्ती घटते, हेही ध्यानात असावे. हा महसुली खर्च आहे. तो सिंचनाचा पर्याय नव्हे आणि जमिनीच्या सुधारणेचाही नव्हे.

चुना, जिप्सम आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये

हे पदार्थ केवळ माती परीक्षणाच्या आधारेच वापरावेत. तांबडी वाळूसर माती आम्लधर्मी असल्यास चुन्याचा लाभ होतो. जिप्सम मुख्यतः चोपण जमिनीसाठी, तसेच भुईमुगाला कॅल्शियम व गंधक पुरविण्यासाठी. शेजाऱ्याने टाकले म्हणून आपण टाकणे व्यर्थ. कर्नाटकात २००९ साली सुरू झालेल्या 'भूचेतना' कार्यक्रमातील माती परीक्षणांत गंधक, जस्त आणि बोरॉन यांची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली होती. ज्या घटकाची उणीव आहे तोच अल्प खर्चात पुरविला, तर अनेकदा महागड्या पिशवीपेक्षा अधिक लाभ पदरात पडतो.

कर्ज काढण्यापूर्वी

प्रथम माती ओळखावी. एका पारदर्शक बाटलीत तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर धुण्याचा सोडा घालून जोराने हलवावे. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयटा काही तासांत आणि चिकण माती दिवस-दोन दिवसांनी. थरांची जाडी पाहून आपली जमीन कोणत्या प्रकारची हे घरबसल्या समजते.

त्यानंतर प्रयोगशाळेत परीक्षण करावे. शेताच्या दहा-पंधरा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचे, एक वीत खोल खड्डे घेऊन त्यांच्या कडेची माती गोळा करावी, एकत्र मिसळावी आणि त्यातील अर्धा किलो पाठवावी. बांध, झाडाखालची जागा आणि खताच्या ढिगाजवळची माती वगळावी. फेब्रुवारी २०१५ मध्ये राजस्थानातील सूरतगढ येथून आरंभ झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत सेंद्रिय कर्बासह बारा बाबींची नोंद मिळते. विक्रेत्याच्या माहितीपत्रकाआधी हा कागद वाचावा.

तिसरी पायरी म्हणजे विक्रेत्याला चार प्रश्न विचारणे. यात नेमके काय आहे? एकरी मात्रा किती, आणि ९ लाख किलो मातीच्या मानाने ती पुरेशी कशी? परिणाम किती वर्षे टिकतो? कोणत्या कृषी विद्यापीठाने किंवा संशोधन संस्थेने आमच्यासारख्या जमिनीत याची चाचणी घेतली आहे? उत्तरे लेखी मागावीत आणि पक्की पावती घ्यावी.

शेवटी वार्षिक खर्च काढावा. उदाहरणादाखल, गाळाची एक खेप ८०० रुपयांना पडली तर २० खेपांचे १६,००० रुपये होतील. उपयोग निदान पाच वर्षांचा धरला तर वार्षिक भार ३,२०० रुपये अधिक व्याज. चार पिशव्या भुकटी, दर पिशवी १,५०० रुपये, दरवर्षी घेतल्यास वार्षिक भार ६,००० रुपये. पहिल्या दिवशी स्वस्त दिसणारी वस्तू पाच वर्षांत ३०,००० रुपये घेऊन जाते. दर गावोगावी बदलतील, मांडणीची रीत मात्र हीच ठेवावी.

आमच्या सहकाऱ्यांसाठीही एक विनंती. हंगामी निविष्ठांसाठी पीककर्ज आणि अनेक वर्षे फळ देणाऱ्या कामासाठी भूविकासाचे मुदत कर्ज, हा भेद प्रस्ताव तपासताना कसोशीने पाळावा. गाळ, बांधबंदिस्ती, सपाटीकरण यांचा बोजा एकाच हंगामाच्या परतफेडीवर टाकला तर चांगले काम करणारा शेतकरीही अडचणीत येतो. आणि वर्षभरात विरणाऱ्या वस्तूसाठी पाच वर्षांचे कर्ज दिले, तर वस्तू संपल्यावरही हप्ते शिल्लक राहतात.

काकांच्या शेतावर

आठ दिवसांनी काका आले तेव्हा हे सारे गणित मी एका कागदावर मांडून दाखविले. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "माझे आजोबा उन्हाळ्यात तळ्याची माती आणीत. आम्हाला वाटायचे, खत घ्यायला पैसे नाहीत म्हणून आणतात."

त्यांनी सगळ्या जमिनीवर एकदम हात घातला नाही. अर्ध्या एकरावर गावच्या तळ्याचा गाळ आणि शेणखत, शेजारच्या चार गुंठ्यांवर विक्रेत्याची भुकटी, आणि बाकी शेत नेहमीप्रमाणे, अशी विभागणी केली. वाहतुकीचा खर्च अंदाजाहून अधिक झाला. गाळाबरोबर तणाचे बी आले आणि एक खुरपणी वाढली. पावसाने ओढ दिली तेव्हा त्यांनी मला मुद्दाम शेतावर बोलाविले. भुकटीचा तुकडा आणि बाकीचे शेत दुपारी सारखेच कोमेजलेले दिसत होते. गाळाच्या पट्ट्यातील नाचणीची पाने मात्र अद्याप ताठ होती. एका हंगामावरून आणि एका शेतावरून सिद्धान्त मांडू नये, हे मला ठाऊक आहे. पण काकांनी पुढील उन्हाळ्यात आणखी अर्ध्या एकरावर गाळ घालण्याचे ठरविले. ती मोजणी त्यांची स्वतःची होती, कोणा माहितीपत्रकाची नव्हती.

जुन्या शाखेतील त्या शेतकऱ्याचे दागिने मला परत आणता येणार नाहीत. परंतु प्रत्येक नव्या प्रस्तावाच्या वेळी मी आता समोरच्या व्यक्तीला आधी मातीबद्दल विचारतो आणि मग रकमेबद्दल. वाचकहो, आपली जमीन दोन एकर असो वा अंगणातील चार वाफे असोत, पैसे खर्च करण्यापूर्वी एकदा मूठभर माती हातात घेऊन पाहा. ती बोटांतून गळत असेल, तर प्रथम ती गळती थांबविण्याचा विचार करा, भरणा त्यानंतर.